विश्लेषण : हजार अश्वशक्तीच्या टर्बो रेसकारला बिडाचाच ब्लॉक का हवा? सातारा-सांगलीच्या फाउंड्रीतले गणित

टर्बो मोठा लावला, इंजेक्टर बदलले, ईसीयूचा मॅप नव्याने लिहिला की कारची ताकद दुप्पट झाल्याचे व्हिडीओ मोबाइलवर रोज दिसतात. त्याच इंजिनाचा ब्लॉक काही महिन्यांनी उभा चिरला, याचा व्हिडीओ मात्र क्वचितच कोणी टाकतो. टर्बो रेसकार बांधताना खर्चाचा आणि पश्चात्तापाचा सर्वात मोठा निर्णय असतो तो ब्लॉकचा. बाकी सुटे भाग नंतर बदलता येतात, पण ब्लॉक बदलायचा म्हणजे सगळे पहिल्यापासून.

सातारा आणि सांगलीला हा विषय परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला, तोही नांगरांचाच. पुढे त्याच साताऱ्यात इंजिने आणि सिलिंडर लायनर बनू लागले. रेसकारचा ब्लॉक निवडताना जे प्रश्न पडतात, ते इथल्या ओतकामाच्या धंद्यात रोजचेच आहेत.

ब्लॉकवर नेमका किती भार येतो?

ताकद ब्लॉक तयार करत नाही, तो ती फक्त सोसतो. पिस्टनचा व्यास ८६ मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ साधारण ५८ चौरस सेंटीमीटर होते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात स्फोटाच्या क्षणी ७० बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे पिस्टनवर सुमारे चार टन. जोरदार बूस्ट दिलेल्या रेसिंग इंजिनात हाच दाब १५० बारपर्यंत गेला, तर भार नऊ टनांजवळ पोहोचतो. उसाची एक बैलगाडी दोन टनांची धरली, तर साडेचार गाड्या एका पिस्टनवर. तेही ७,००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५८ वेळा.

हा भार तीन ठिकाणी जाणवतो. सिलिंडरची भिंत बाहेर फुगू पाहते. हेड वर उचलले जाते आणि हेडचे बोल्ट ब्लॉकमधले आटे ओढतात. खाली क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या मेन कॅप हलू लागतात. भिंत केसभर जरी हलली तरी गॅस्केट उडते. म्हणूनच 'गॅस्केट सारखे उडते' ही तक्रार बऱ्याचदा गॅस्केटची नसतेच.

बीड की ॲल्युमिनियम?

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ॲल्युमिनियमपेक्षा अडीच पटींहून जड असते. पण ताठपणात ते दीडपट तरी सरस ठरते. शिवाय त्यातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपने शोषली जातात. ॲल्युमिनियम हलके आणि उष्णता पटकन बाहेर टाकणारे. तडा गेला तर ते वेल्डिंगने सांधता येते. बिडाचा ब्लॉक वेल्ड करणे म्हणजे जुगारच.

धातूइतकेच महत्त्व रचनेला आहे. टोयोटा सुप्राचे २जेझेड-जीटीई आणि होंडाचे के२० या दोन्ही इंजिनांत बोअर आणि स्ट्रोक ८६ बाय ८६ मिलिमीटर आहे. आकडे तेच, ब्लॉक मात्र पूर्ण वेगळे. २जेझेड बिडाचे आणि 'क्लोज्ड डेक', म्हणजे सिलिंडरांची वरची टोके चारही बाजूंनी ब्लॉकच्या धातूत बांधलेली. पाणी जायला फक्त लहान छिद्रे. के२० ॲल्युमिनियमचे आणि 'ओपन डेक', म्हणजे सिलिंडर पाण्यात खांबासारखे उभे, वरून मोकळे. थंडावा उत्तम मिळतो, पण खूप बूस्ट दिला की ते डोलतात. त्यामुळे ५००-६०० अश्वशक्तीच्या पुढे जाणारे ट्यूनर के२०चे मूळ लायनर काढून जाड स्लीव्ह टाकतात. कारखान्यातून जेमतेम ३०० अश्वशक्तीच्या आसपास निघालेल्या २जेझेडच्या ब्लॉकवर मात्र जगभर हजाराच्या पुढच्या गाड्या उभ्या आहेत. सात मेन बेअरिंगचाही त्यात मोठा वाटा आहे.

मग ॲल्युमिनियम कधीच नको, असे आहे का? नाही. वळणावळणांच्या ट्रॅकवर पुढच्या चाकांवरचे वजन महागात पडते. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत तर इंजिन ७१० सीसीपर्यंत आणि पेट्रोलसाठी हवेचा मार्ग २० मिलिमीटरच्या छिद्रातून, असा नियम आहे. तिथे मोठी ताकद निघणेच शक्य नाही. मोटरसायकलचे हलके इंजिन हेच तिथे शहाणपण. सांगली किंवा राजारामनगरच्या कॉलेजातल्या मुलाने २जेझेडच्या नादी लागण्याचे कारण नाही.

लाखभर किलोमीटर चाललेला ब्लॉक थेट फॉर्म्युला वनमध्ये

या विषयातील सर्वात मजेशीर गोष्ट बीएमडब्ल्यूची. १९६२ च्या सुमारास बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू १५०० या साध्या कौटुंबिक कारमध्ये बिडाचा चार सिलिंडरचा ब्लॉक होता, ताकद ८० अश्वशक्ती. वीस वर्षांनी पॉल रोशे यांच्या चमूने त्याच घराण्यातील ब्लॉकवर दीड लिटरचे फॉर्म्युला वनचे टर्बो इंजिन बांधले. १९८३ मध्ये नेल्सन पिके ब्रॅबहॅम बीटी५२ मध्ये हेच इंजिन घेऊन विश्वविजेता झाला. टर्बो कारवर मिळालेले ते पहिले ड्रायव्हर्स विजेतेपद. १९८६ च्या क्वालिफायिंगमध्ये या इंजिनाची ताकद १,३०० अश्वशक्तीच्याही पुढे गेल्याचा अंदाज सांगितला जातो.

यासाठी कोरे ब्लॉक नव्हे, तर रस्त्यावर लाखभर किलोमीटर चाललेल्या गाड्यांचे ब्लॉक पसंत केले जात, असे सांगतात. ते उघड्यावर पावसात ठेवत, मेकॅनिक त्यावर लघवी करत, असल्या दंतकथाही त्याला चिकटल्या आहेत. त्या बाजूला ठेवल्या तरी मुद्दा खरा आहे. वितळलेले लोखंड साच्यात थंड होताना पातळ भाग आधी आकसतो, जाड भाग नंतर. हा ताण धातूत अडकून राहतो. तसाच ब्लॉक मशिनवर चढवून सिलिंडर अचूक गोल केले, तरी पुढे इंजिन तापल्या-निवल्यावर ते वाकडे होतात. हजारो वेळा तापून थंड झालेल्या जुन्या ब्लॉकमधला हा ताण निघून गेलेला असतो. जुने फाउंड्रीवाले मोठी कास्टिंग आवारात काही महिने पडू देत, ते याचसाठी. आता तेच काम भट्टीत नियंत्रित तापमानाला काही तासांत होते.

जुना ब्लॉक घेताना काय पाहायचे?

पहिले म्हणजे भिंतीची जाडी. ओतताना वाळूचा कोअर थोडा सरकला, तर सिलिंडरची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून ते दिसत नाही. अल्ट्रासोनिक गेज लावून प्रत्येक सिलिंडर चहूबाजूंनी मोजावा लागतो. फाउंड्रीच्या तपासणी विभागात हे नेहमीचे साधन आहे. सर्वात पातळ जागी किती मिलिमीटर शिल्लक आहे, यावर निर्णय घ्यायचा, सरासरीवर नाही. जास्त सीसीच्या मोहाने मोठे बोअरिंग करणे ही टर्बो इंजिनातली नेहमीची चूक. इथे धातू राखून ठेवायचा आणि ताकद बूस्टमधून घ्यायची. मेन कॅपजवळचे तडे चुंबकीय चाचणीत सापडतात.

दुसरे म्हणजे होनिंग. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडा होतो. म्हणून ब्लॉकवर हेडसारखी जाड प्लेट आवळून, ज्याला टॉर्क प्लेट म्हणतात, मगच होनिंग करावे लागते. ट्रॅक्टरच्या इंजिनाला हे केले नाही तरी चालून जाते, रेसकारला नाही.

भारतात विकल्या गेलेल्या गाड्यांमध्ये फोक्सवॅगन पोलो जीटीआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस यांच्या १.८ आणि २.० टीएसआय इंजिनांचा ब्लॉक बिडाचा आहे, भिंत मात्र बरीच पातळ. नव्या १.० आणि १.५ टीएसआयचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. एकाच बिल्ल्याच्या गाड्या असल्या तरी दोन्हींची मर्यादा सारखी धरू नये.

असा ब्लॉक इथे ओतता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या अशक्य काही नाही, पण परवडणार नाही. ब्लॉकच्या पॅटर्नचा आणि आतल्या पाण्याच्या वाटांच्या कोअरचा खर्च हजारो नगांवर पसरला तरच फिटतो. एक-दोन नगांसाठी परदेशात ॲल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून सीएनसीवर ब्लॉक कोरतात. काही सेकंदांच्या ड्रॅग शर्यतीसाठी तर त्यात पाण्याच्या वाटाही ठेवत नाहीत.

लायनरचे गणित वेगळे. फिरत्या साच्यात वितळलेले लोखंड ओतून लायनर बनवण्याची पद्धत डिझेल इंजिनांच्या धंद्यात मुरलेली आहे. रेसिंग स्लीव्हलाही हीच पद्धत लागते. फक्त धातू अधिक चिवट, डक्टाइल जातीचा असावा लागतो आणि स्लीव्ह बसवण्याचे मशिनिंग मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांभाळावे लागते.

ही सगळी उठाठेव शर्यतीच्या ट्रॅकपुरतीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीवेळच्या तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिनाची नोंद लागते. रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.