कॅल्शियम जास्त, पीटीएच ‘नॉर्मल’... मग बिघडलंय काय?

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आजचा आजार म्हणजे बिघडलेला फीडबॅक लूप आहे, म्हणून हा एपिसोड.

गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचं काम एकच: रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. ते कमी झालं की त्या पीटीएच हार्मोन सोडतात, मग हाडांतून कॅल्शियम रक्तात येतं. कॅल्शियम वाढलं की पीटीएच खाली यायला हवं. अगदी गिझरच्या थर्मोस्टॅटसारखं.

प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझममध्ये हा थर्मोस्टॅटच बिघडतो. कारण बहुतेकदा एकाच ग्रंथीतली छोटी गाठ, आणि ती क्वचितच कॅन्सरची असते.

माझ्या मावशीचं बघा. वय 58. दोनदा मुतखडा, सतत थकवा, बद्धकोष्ठ. सगळं ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिलेलं. मग रिपोर्ट आला: कॅल्शियम 11.2, पीटीएच 58. लॅबची पीटीएचची रेंज 15 ते 65, म्हणजे कागदावर नॉर्मल! पण पाणी उकळतंय आणि गिझर चालूच, याला नॉर्मल कसं म्हणायचं? एवढ्या कॅल्शियमला पीटीएच तळाला हवं होतं.

तिच्या फॅमिली डॉक्टरांनी हे पकडलं. आधी कॅल्शियम पुन्हा तपासलं, सोबत अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व. लिथियम किंवा थायझाइडच्या गोळ्या चालू आहेत का, विचारलं. त्यांनीही कॅल्शियम वाढतं. मग 24 तासांची लघवी. एका आनुवंशिक प्रकारात रक्ताचा रिपोर्ट असाच दिसतो, पण लघवीत कॅल्शियम फार कमी असतं आणि ऑपरेशन लागत नाही. शिवाय हाडांची डेक्सा आणि किडनीची सोनोग्राफी.

गळ्याचा स्कॅन शेवटी. तो फक्त गाठ कुठे आहे ते सांगतो. आजार आहे की नाही, हे रक्तावरून ठरतं.

मुतखडा, ठिसूळ हाडं, पन्नाशीच्या आतलं वय, किंवा रेंजच्या वरच्या टोकापेक्षा 1 हून जास्त कॅल्शियम, यातलं काही असेल तर सहसा ऑपरेशन सुचवतात. आजार मुळापासून जातो तो त्यानेच. बाकीच्यांनी दरवर्षी रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं. आणि हो, दूध-दही बंद करू नका. कॅल्शियम कमी मिळालं तर पीटीएच आणखी चढतं. उलट्या, खूप तहान, बोलण्यात गोंधळ असं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरातल्या कुणाच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम वर दिसलं, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: “पीटीएच करूया का?” आणि आलेले दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!