मीन, इरूप, जोंधळा: आदिलाबादच्या शिवारातले शब्द

पौष अमावास्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेत गोंडी, कोलामी, मराठी आणि तेलुगू एकाच वेळी कानावर पडतात. मराठी माणसाला त्यात ओळखीचे शब्द सापडतात आणि तो ठरवून टाकतो, ‘गोंडी म्हणजे आपलीच मोडकीतोडकी बोली.’ पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हा समज घट्ट बसला आहे. तो साफ चूक आहे.

गोंडी ही द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक जवळपास ३० लाख होते. कोलामीही त्याच कुळातली. पाण्याला गोंड ‘येर’ म्हणतात, कोलाम ‘ईर’, तर तमिळमध्ये ‘नीर’. बहिणी आहेत हे ऐकताक्षणी कळते.

सगळ्यात मोठी फसगत माशाच्या शब्दाने होते. गोंड माशाला ‘मीन’ म्हणतात. आपल्याला मीन रास आठवते आणि वाटते, हा शब्द त्यांनी संस्कृतातून उचलला असणार. भाषाभ्यासकांचे मत नेमके उलट आहे: संस्कृतातला ‘मीन’च द्राविडी भाषांकडून आलेला. संस्कृतचा आपला जुना शब्द ‘मत्स्य’, त्याचाच पुढे आपला ‘मासा’ झाला. तमिळ, मलयाळममध्ये आजही ‘मीन’च म्हणतात. मग गोंडांनी तो तेलुगूतून घेतला असेल? तेही नाही, कारण तेलुगूत मासा म्हणजे ‘चेप’. म्हणजे पंचांगातल्या बाराव्या राशीचे नाव घेताना आपणच नकळत द्राविडी शब्द उच्चारतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मोहाच्या झाडाचेही तसेच. ‘मोह’ संस्कृत ‘मधूक’वरून आला, गोंडी ‘इरूप’चे नाते तेलुगू ‘इप्प’ आणि तमिळ ‘इलुप्पै’शी. मोह म्हणजे फक्त दारू, हा आणखी एक समज. उटनूर भागात बायका या फुलांचे लाडू करून विकतात.

‘गोंडीला लिपीच नाही’ असेही बोलले जाते. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात जुनी गोंडी हस्तलिखिते मिळाली आणि तिथली लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. त्याआधी, १९१८ च्या सुमारास, मंगलसिंह मसराम यांनी वेगळी गोंडी लिपी तयार केली होती.

आपल्या शब्दांचीही वंशावळ तपासायला हवी. ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ आपल्याला ठेठ गावरान वाटतात. दोन्ही मूळ अरबी, अर्थ शरद आणि वसंत. ज्वारी तर अस्सल देशी धान्य म्हणून मिरवते, पण ती पहिल्यांदा लागवडीला आली आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या पट्ट्यात. इथे आल्यावर मात्र घरोघरी तिला नाव मिळाले. मराठवाड्यात जोंधळा, तेलुगूत जोन्न. तिच्या पिठाची पातळ पेज आपण आंबील म्हणून पितो, तेलुगू घरात ती अंबली होते आणि गोंडांच्या घरी उन्हाळाभर जावा.