खाणी बंद झाल्या, बेकारी कुठे गेली?

1981 ते 1991 या दहा वर्षांत ब्रिटनच्या कोळसा खाणींतल्या दीड लाखाच्या आसपास नोकऱ्या गेल्या. शेफील्डच्या क्रिस्टिना बीटी आणि स्टीव्ह फोदरगिल या संशोधकांनी खाणपट्ट्याचे आकडे तपासले, तेव्हा सरकारी नोंदीतली बेकारी मात्र वाढण्याऐवजी घटलेली निघाली. मग एवढी माणसं गेली कुठे?

1947 पासून खाणी सरकारच्याच होत्या, त्यामुळे बंद करण्याचा निर्णयही सरकारचाच. मार्च 1984 मध्ये 20 खाणी आणि 20 हजार नोकऱ्यांवर गदा आल्याचं जाहीर झालं आणि संप पेटला. वर्षभरानं तो मोडला. त्यानंतर खाणी झपाट्यानं बंद होत गेल्या. 1992 मध्ये एकाच घोषणेत 31 खाणी आणि 30 हजार नोकऱ्या मोडीत काढायचं जाहीर झालं. उरलेल्या खाणी 1994 मध्ये खासगी झाल्या.

नोकरी सोडणाऱ्याला रक्कम मिळे, आपल्याकडच्या व्हीआरएससारखी. 1984 च्या योजनेत दर वर्षाच्या सेवेमागे 1 हजार पाउंड होते, म्हणजे वीस वर्षांच्या नोकरीला 20 हजार. खाणी चालवणाऱ्या सरकारी कोल बोर्डाच्या वहीत हिशेब इथे मिटला. पण बाप पैसे घेऊन बाहेर पडला की ती जागाही कायमची जाई, आणि शाळा संपवून खाणीत लागणाऱ्या पोराची वाट बंद होई.

आता पन्नाशी ओलांडलेला, तीस वर्षं जमिनीखाली काढलेला माणूस घ्या. बेकारभत्ता वर्षभर मिळे. पुढची मदत घरची मिळकत पाहून ठरे: बायकोची कमाई त्यातून वजा होई, आणि बचत ठरावीक मर्यादेपुढे गेली तर काहीच नाही. म्हणजे नुकसानभरपाईचे पैसेच आड येत. काही बायकांनी तर याच हिशेबापायी आपली छोटी नोकरी सोडली. आजारपणाच्या भत्त्याला ही आडकाठी नव्हती. तो जास्त होता, त्याला मुदत नव्हती आणि त्यासाठी पंधरवड्याला सही करायला जावं लागत नसे. लागे ती फक्त डॉक्टरांची चिठ्ठी.

ती चिठ्ठी बहुतेकदा खोटी नव्हती. कोळशाच्या धुळीनं छाती गेलेली, गुडघे निकामी झालेले. खाण चालू असताना अशा माणसाला वरचं हलकं काम देत. खाण गेल्यावर त्याला कामावर घेणारा कोण? भत्ता घेतला की त्याचं नाव बेकारांच्या यादीतून जाई, आणि यादी छोटी झालेली सरकारलाही सोयीची होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशभरात हा भत्ता घेणारे साडेसात लाखांच्या आसपास होते, 2003 च्या सुमाराला 25 लाखांच्या घरात. खाणींवरची सबसिडी वाचवायला निघालेली सरकारी तिजोरी दुसऱ्या दारानं रिकामी होत राहिली. 1998 मध्ये न्यायालयानं खाणकामगारांच्या छातीच्या आजारांसाठी ब्रिटिश कोलला, म्हणजे पूर्वीच्या कोल बोर्डाला, जबाबदार धरलं. तेही बिल सरकारकडेच आलं.

गावांचंही नुकसान झालं. क्लब, मैदान, बँड हे सारं कामगारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर उभं होतं. पगार थांबला तसा तो आधार गेला. नवं काम आलं, पण कसलं? डर्बीशरमधल्या शायरब्रुकची खाण 1993 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागेवर पुढे स्पोर्ट्स डायरेक्टचं गोदाम उभं राहिलं. 2016 मध्ये संसदीय समितीनं तिथल्या कामाच्या परिस्थितीवर कडक टीका केली. बहुतेक माणसं एजन्सीमार्फत घेतलेली, हमी वर्षाला 336 तासांचीच.

हा हिशेब आजही लागू आहे. सप्टेंबर 2024 मध्ये टाटा स्टीलनं वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी बंद केली. विजेच्या भट्टीसाठी सरकारनं 50 कोटी पाउंड देऊ केले आहेत. सुमारे 2800 नोकऱ्या जाणार होत्या. तिथे काय झालं हे काही वर्षांनी पाहायचं असेल, तर बेकारीचा दर पाहून चालणार नाही. कामाच्या वयातले किती जण खरोखर कामावर आहेत, किती जण आजारपणाच्या भत्त्यावर आहेत आणि नव्या नोकरीत आठवड्याला किती तासांचा पगार हातात येतो, हे तीन आकडे मागावे लागतील.