दहावीनंतर मुलगा कामाला लागतोय? पहिल्या दिवसाआधी एवढं शिकवा

दहावीचा शेवटचा पेपर झाला की आपल्या मोहल्ल्यांत एक ठरलेलं चित्र दिसतं. निकालाला वेळ आहे, पोरगं रिकामं फिरतंय, मग मामूंच्या ओळखीने त्याला एखाद्या गॅरेजवर, फॅब्रिकेशनच्या दुकानात, बेकरीत नाहीतर लूमवर लावून दिलं जातं. हाताला हुनर येईल, असं अब्बा म्हणतात आणि ते काही चुकीचं नाही. पण उस्तादांना आपण पगार विचारतो, सुट्टी विचारतो. पोराला इजा होऊ नये म्हणून पहिल्या दिवशी काय शिकवणार, हे मात्र कोणीच विचारत नाही.

कामावर इजा होण्याचं प्रमाण 25 वर्षांवरच्या कामगारांपेक्षा तरुण कामगारांत 40 टक्क्यांपर्यंत जास्त असतं, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 मध्ये सांगितलं होतं. आपण लगेच म्हणतो, पोरं बेफिकीर असतात. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. मुलगा नवा असतो, विचारायला लाजतो. "समजलं ना?" म्हटलं की न समजताही "हो उस्ताद" म्हणतो.

म्हणून सगळ्यात आधी शिकवायचं ते हेल्मेट-हातमोज्यांचं नाही. पहिला धडा हा की, चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही. लूममध्ये धागा अडकला, बेकरीच्या मिक्सरमध्ये पीठ चिकटलं, ग्राइंडर अडला, तर आधी बटण बंद, मग मशीन पूर्ण थांबू द्यायचं, मगच हात. बोटं जातात ती "एका सेकंदाचं तर काम आहे" या घाईत.

दुसरी गोष्ट कपड्यांची. सैल बाही, गळ्यातला रुमाल, हातातलं कडं, अगदी तावीजचा लांब दोरासुद्धा फिरत्या भागात ओढला जातो. शिलाई किंवा पॅकिंगच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलींनी ओढणीचं टोक आणि केस घट्ट बांधायला हवेत. हातमोजे चांगलेच, पण ड्रिलसारख्या फिरत्या मशीनवर तेच अडकून हात आत खेचतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पुढचं कामाप्रमाणे. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. पेट्रोलची रिकामी टाकी किंवा ड्रम वेल्डिंगला आला तर दूर राहायचं, कारण आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. आणि वेल्डिंगच्या दुकानात नेहमी दिसणारी गोष्ट: काच उस्तादांच्या हातात असते आणि जॉब धरणारा पोरगा नुसतं तोंड फिरवून उभा असतो. त्या वेळी काही वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. काच दोघांना हवी.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते "उस्ताद, आधी दाखवा, मग करतो" एवढं बोलणं. हे वाक्य घरीच म्हणायला लावा, हसू आलं तरी चालेल. आणि अपघातानंतर "तकदीर" म्हणून गप्प बसणाऱ्यांनी उंट बांधण्याची हदीस आठवावी. जुम्याच्या बयानात ती आपण कितीदा ऐकली आहे.

आता कायदा. बालकामगार कायद्यात 2016 साली मोठी दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात, तोही धोक्याचा नसेल तर, मदत करण्याची सूट आहे. 14 ते 18 वयाच्या मुलांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रियांत लावता येत नाही. इतर ठिकाणीही संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, ओव्हरटाइम नाही, सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती आणि ती धरून दिवसाचे सहाच तास. आठवड्याला एक सुट्टी. सकाळी नऊला गेलेला मुलगा रात्री दहाला येत असेल, तर ती मेहनत नव्हे, कायदा मोडणं आहे. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो.

तरीही इजा झालीच तर? भाजलं की वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तेल काही नको. करंट लागलेल्याला हात लावू नका, आधी मेन बंद करा. दवाखान्याच्या कागदावर "कामावर इजा" असंच लिहून घ्या. मालकाच्या भिडेखातर "घरी पडला" लिहिलं की पुढे भरपाई मागणं फार अवघड जातं.

दहावीनंतर आपल्या अंजुमनच्या शाळांत, मशिदीच्या हॉलमध्ये करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम होतात. त्यातच दोन तास यासाठी ठेवता येतील. भाषण करणाऱ्या पाहुण्यांऐवजी मोहल्ल्यातला एखादा जुना वेल्डर, एक इलेक्ट्रिशियन आणि एक डॉक्टर बोलवा. वेल्डरची काच, स्टँड, ग्राइंडरचं गार्ड पोरांच्या हातात द्या. आणि गॅरेजवाल्या उस्तादांनाही पुढच्या रांगेत बसवा, कारण सोमवारी पोरगं त्यांच्याकडेच जाणार आहे.