सांगलीत जुने घर दुरुस्त करताना : भिंतीतले पाणी आणि चुन्याचा धडा



सांगलीच्या गावभागात किंवा मिरज, तासगाव, वाळवा तालुक्यातल्या एखाद्या गावात तुम्ही जुने घर विकत घेतले, की घरी येणारा प्रत्येक माणूस एक सल्ला देतो. "भिंती मातीच्या आहेत, वरून सिमेंटचा गिलावा मारून घ्या, पुढची वीस वर्षे बघायला नको." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मातीच्या भिंतीचे मोठे नुकसान होते ते याच कामाने, आणि कर्ज काढून केलेला तो खर्चही काही पावसाळ्यांत पोपडे होऊन खाली येतो. असे का होते हे समजायला आपण वर्गात शिकवतो तेवढे विज्ञान पुरते. म्हणून आजचा लेख घराबद्दल आहे आणि विज्ञानाच्या तासाबद्दलही.

आधी भिंत कशाची आहे ते बघा. आपल्याकडच्या जुन्या घराचे जोते बहुधा काळ्या दगडाचे असते. त्यावर पांढऱ्या मातीचे भेंडे रचलेले असतात किंवा मातीतच दगडांची चिणाई केलेली असते. भिंतीची जाडी दीड ते अडीच फूट, त्यावर माती-शेणाचा नाहीतर चुन्याचा गिलावा. वर सागवानी तुळया आणि मंगलोरी कौले. पुष्कळ घरांत छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर असतो आणि हे खांब भिंतीतच दडलेले असतात. त्यामुळे "ही भिंत काढून हॉल मोठा करू" असे ठरवण्याआधी गिलावा थोडा उकलून आत खांब आहे का, हे नक्की पाहावे. नव्या मालकाला घराची ओळख अशी थोडे थोडे उकलूनच होते.

भिंत पाणी पिते, मग ते जाते कुठे?

मातीत, दगडाच्या सांध्यांत आणि विटेत अतिशय बारीक नळ्यांसारखी छिद्रे असतात. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने त्यांतून वर चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसेच हे. जुन्या घरांना जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे पाणी चढणारच. ही घरे तरीही टिकली, कारण चढलेले पाणी मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर पडत राहिले. जितके आत आले, तितके बाहेर गेले.

आता त्याच भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर आणि त्यावर ऑइलपेंट चढवला, की बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी मात्र खालून येतच राहते. बाजूने वाट नाही म्हटल्यावर ते आणखी वर चढते. पूर्वी गुडघ्यापर्यंत दिसणारी ओल कमरेच्या वर दिसू लागते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही येतात. पाणी उडाले की क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक तयार होतात आणि ते वाढताना गिलाव्याला आतून रेटतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. सिमेंटच्या मागे माती भिजून मऊ पडते, तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजू लागते, आणि बाहेरून सगळे गुळगुळीत दिसत असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून बघा. पोकळ आवाज आला, तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे असे समजा.

हे मुलांना दाखवणे सोपे आहे. एकाच भट्टीतल्या दोन विटा घ्या, कोरड्या असताना वजन करा, मग दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा वजन करा. एक वीट पाव किलो ते अर्धा किलो पाणी सहज पिते. आता एक वीट तशीच ठेवा, दुसरीच्या पाच बाजू प्लास्टिकने घट्ट बांधा आणि एकच लहान बाजू उघडी सोडा. रोज ठरलेल्या वेळी वजन करून आलेख काढायला सांगा. चौथी-पाचवीची मुलेसुद्धा चौथ्या दिवशी सांगतात की बांधलेली वीट अजून जडच आहे. भिंतीचे दुखणे त्यांना तिथेच कळते, आपण वेगळे काही सांगावे लागत नाही.

मग काय लावायचे? माती आणि चुना

मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा मानवतो. दहावीच्या 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या पाठात चुन्याची गोष्ट येते, ती इथे आठवा. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की तो रटरटतो, भरपूर उष्णता बाहेर पडते आणि भिजवलेला चुना तयार होतो. हा चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे दगडापासून निघालेला प्रवास दगडापाशीच संपतो, फक्त आता तो दगड आपल्या भिंतीच्या आकाराचा असतो. शिवाय त्याची छिद्रे उघडी राहतात, त्यामुळे भिंतीतली वाफ बाहेर जाऊ शकते.

ओलीच्या जागी चुन्यात भाजक्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळतात. त्यामुळे हवा कमी मिळाली तरी चुना घट्ट होतो. जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणीही घालत. (गुळाच्या पेठेच्या गावात घरांच्या भिंतींनीही गूळ खाल्लेला असावा, यात नवल ते काय!) किल्ल्यावर सहल नेली असेल, तर गोल चरात उभे राहिलेले मोठे दगडी चाक मुलांनी पाहिले असेल. ती चुन्याची घाणी. बैल जुंपून तीत चुना आणि वाळू मळत असत.

एक सूचना मात्र अगदी गांभीर्याने. कळीचा चुना भिजवताना मुलांना जवळ येऊ देऊ नका. अंगावर उडाला तर भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका असतो. वर्गात दाखवायचे असल्यास चिमूटभर चुना, चष्मा आणि शिक्षकाचाच हात.

चुन्याला घाई चालत नाही. पातळ थर द्यायचा, तो ओलसर राखायचा, मग पुढचा थर. वैशाखातल्या उन्हात तो तडकतो आणि आषाढात वाळत नाही. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा काळ या कामाला बरा. चुन्याचे काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, हेही वेळापत्रकात धरा.

पूर येऊन गेलेले घर

सांगलीत घर घ्यायचे म्हणजे कृष्णेचा हिशेब आधी करायचा. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये ५४ फुटांच्या वर. घर घेताना शेजाऱ्यांना विचारा, २०१९ ला पाणी कोणत्या पायरीपर्यंत होते. रंगाखाली झाकलेली रेषा कोणी ना कोणी बोट ठेवून दाखवतेच.

मातीची भिंत पाण्यात उभी असताना पडेल, अशी सगळ्यांना भीती असते. पण पाणी ओसरल्यानंतरचे दिवसही तितकेच धोक्याचे असतात. पाण्याने फुगलेली भिंत तेव्हा सर्वांत जड असते आणि ओली माती सर्वांत कमजोर. शिवाय बाहेरून टेकू देणारे पाणीही निघून गेलेले असते. म्हणून पूर ओसरल्यावर साफसफाईसाठी लगेच मुलाबाळांसह आत जाऊ नये. बल्ल्यांचा आधार द्यावा, जाणकाराकडून भिंती पाहून घ्याव्यात. नंतर पुराच्या रेषेच्या थोडे वरपर्यंतचा सिमेंट गिलावा काढून भिंत उघडी करावी. जाड भिंत सुकायला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात, त्यामुळे दीड फुटी भिंतीला वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. दिवाळीला रंग हवाच असेल, तर चुन्याची सफेदी करा. ऑइलपेंट नको.

आणखी एक मोह म्हणजे कौले काढून स्लॅब टाकण्याचा. इथे साधे गणित करू. चार इंची काँक्रीट स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो असते. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीवर ते होते जवळपास २८०० किलो. भेंड्याच्या भिंतीवर हे ओझे ठेवायचे का, हे गणित सोडवणारी सातवीतली मुलगीही सांगेल. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच भागातला आहे. भूकंपात छत जितके जड, तितका त्याचा भिंतींना बसणारा हिसका मोठा. आणि मातीत चिणलेल्या दगडी भिंती आडवा हिसका फारसा सोसत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात जाड भिंती आणि मातीची जड धाबी माणसांवर कोसळली, ती याच कारणाने. स्लॅब हवाच असेल, तर त्याला स्वतंत्र खांब आणि पाया लागेल. तो आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्यावा, ठेकेदाराच्या अंदाजाने नव्हे.

सगळीच जुनी घरे वाचवावीत, असे माझे म्हणणे नाही. भिंत ओळंब्यातून बाहेर गेली असेल, तिला पोट आले असेल, कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत चीर असून ती महिन्यागणिक रुंद होत असेल, तर जिव्हाळा बाजूला ठेवून तो भाग उतरवलेलाच बरा. चीर वाढते का हे पाहायला तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवतात. पट्टी तडकली, तर चीर जिवंत आहे.

कामाचा क्रम विचाराल तर आधी कौले आणि पन्हळी, मग अंगणातले सांडपाणी आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर काढणे, मग भिंत सुकू देणे. गिलावा त्यानंतर, आणि फरशी, रंग, मॉड्युलर किचन अगदी शेवटी. आपल्याकडे बहुतेक जण नेमके उलट टोकाने सुरू करतात. पुष्कळदा नुसते मोरीचे पाणी वळवले आणि जोत्याला टेकलेला मातीचा ढीग हलवला, तरी निम्मी ओल एका उन्हाळ्यात जाते.

कागदपत्रांचे दोन शब्द. मालमत्ता पत्रकावर सगळ्या वारसांची नावे आणि सह्या जुळतात का, जुना भाडेकरू आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या. घर निळ्या आणि लाल पूररेषेच्या कोणत्या बाजूला येते, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा, कारण पुनर्बांधणीच्या अटी त्यावर ठरतात. आणि गावभागातल्या घराची सामाईक भिंत उकलण्याआधी शेजारच्या काकांना बोलावून घ्या. त्यांच्या माडीची तुळई बऱ्याचदा तुमच्याच भिंतीत टेकलेली असते.