मावशीची परीक्षा, माझा अभ्यास

सकाळी सातला मोबाईल वाजला की माझ्या रूममेट्स उशीखाली डोकं घालायच्या. त्यांना माहीत असायचं, आता पुढची वीस मिनिटं काय चालणार आहे ते.

‘‘मावशी, सिनेटर किती?’’
‘‘शंभर.’’
‘‘हाऊसमध्ये?’’
‘‘चारशे पस्तीस.’’
‘‘राज्यघटनेत दुरुस्त्या किती झाल्या?’’
‘‘सत्तावीस. अगं, पुढचं विचार ना, हे पाठ झालंय!’’

पुण्यात सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ. मावशी डेकेअरमधली नोकरी, स्वयंपाक आणि भांडी उरकून, चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसलेली असायची. वय वर्षं ४५. दहावीनंतर तिने इतक्या गांभीर्याने कशाचा अभ्यास केला नव्हता, असं ती स्वतःच म्हणते. परीक्षा होती अमेरिकेची नागरिक होण्याची आणि क्वेश्चन बँक घेऊन मॉक टेस्ट घेणारी मी. मास कॉमच्या पोरीला प्रश्न विचारायची हौस असतेच. पण या पेपरने मावशीपेक्षा माझीच जास्त वाट लावली.

सगळं आजीसाठी

मावशी २००४ साली लग्न करून एडिसनला गेली. काकांच्या व्हिसावर बरीच वर्षं नुसतं घरी बसणं, मग रांगेत नंबर लागून २०१९ मध्ये ग्रीन कार्ड. आता मुलगा कॉलेजला गेला. घर आहे, नोकरी आहे. मग हा खटाटोप कशाला? मला वाटलं होतं, तिथला पासपोर्ट मिळाला की जगभर फिरता येतं म्हणून असेल. तसं विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘जगभर नाही गं. वाळव्याला यायचंय मला.’’

आजी ७८ वर्षांची आहे. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. २०२४ मध्ये तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मावशी साडेचार महिने येऊन राहिली आणि आजी वॉकर धरून नीट चालायलाही लागलेली नसताना परत गेली. कारण ग्रीन कार्ड म्हणजे ‘इथे कायम राहणार’ असा तुम्ही दिलेला शब्द. सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की नागरिकत्वासाठी मोजला जाणारा तुमचा मुक्काम तुटला असं धरलं जाऊ शकतं. वर्षाच्या वर गेलात तर ग्रीन कार्डच धोक्यात. नागरिकाला मात्र हा हिशेब नाही. तो कितीही दिवस बाहेर राहू शकतो.

म्हणजे गंमत बघा. आईजवळ निवांत राहता यावं म्हणून मावशीला आईच्या देशाचं नागरिकत्व सोडायचं होतं.

फॉर्ममध्ये नसलेली ओळ

अर्जाचं नाव एन-४००. ग्रीन कार्ड मिळून साधारण पाच वर्षं झालेली हवीत (अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेलं असेल तर तीन), आणि त्या पाचांतले निदान तीस महिने प्रत्यक्ष तिथे काढलेले हवेत. ऑनलाईन अर्जाची फी ७१० डॉलर. आणि प्रश्न? तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होतात का? कुणाचा छळ केलाय का? वेळ आली तर देशासाठी शस्त्र उचलाल का? ‘‘एवढं तर लग्न ठरवताना सासूबाईंनी पण विचारलं नव्हतं,’’ मावशी म्हणाली.

अडकली ती एका साध्या तक्त्यावर. गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर किती वेळा गेलात, कधी गेलात, कधी आलात. पासपोर्टचे शिक्के बघून आम्ही दोघींनी मिळून तो तक्ता भरला. २०२२ च्या डिसेंबरमधली फेरी म्हणजे ताईचं लग्न. २०२४ ची मोठी फेरी म्हणजे आजीचं ऑपरेशन. कोरड्या तारखा, पण आमच्या घराचा अख्खा अल्बम त्यात होता.

मग मावशी थोडा वेळ गप्प बसली. २०२१ च्या एप्रिलमध्ये आजोबा गेले. कोरोनाची दुसरी लाट, टेस्ट, क्वारंटाईन, विमानांचा घोळ. ती येऊ शकली नाही. व्हिडिओ कॉलवर तिने जे बघितलं तेवढंच. ज्या फेऱ्या झाल्याच नाहीत, त्यांच्यासाठी त्या तक्त्यात ओळ नसते.

माझा निकाल

मुलाखतीत इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं आणि मग नागरिकशास्त्राचे तोंडी प्रश्न. मावशीच्या वेळी यादीत १०० प्रश्न होते. त्यातले जास्तीत जास्त दहा विचारायचे आणि सहा बरोबर आले की पास. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना हे अवघड झालंय. यादी १२८ प्रश्नांची, विचारणार २० पर्यंत, बरोबर हवेत १२.) यादी गुप्त नाही, उत्तरांसकट जाहीर आहे.

एका सकाळी मावशीने डाव उलटवला. ‘‘तू सारखं मला विचारतेस. आता तू सांग, आपल्या विधान परिषदेत आमदार किती?’’

मी विधानसभेचे २८८ सांगून वेळ मारून नेली.

‘‘ते नाही. परिषदेत?’’

गुगल करायला हात मोबाईलकडे गेला, पण कॉल त्याच मोबाईलवर चालू होता. उत्तर ७८ आहे. पुढचा प्रश्न, भारताच्या राज्यघटनेत दुरुस्त्या किती झाल्या? अमेरिकेच्या २७ मला झोपेत विचारल्या तरी सांगता आल्या असत्या. आपल्या १०६, हे मी नंतर शोधलं. २०२३ ची महिला आरक्षणाची दुरुस्ती ती १०६ वी. आणि मी पत्रकार होणार आहे!

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी हाच खेळ मित्रमैत्रिणींबरोबर खेळले. घटना स्वीकारली कधी आणि लागू झाली कधी, यावर टेबलावर जोरदार भांडण झालं (२६ नोव्हेंबर १९४९ आणि २६ जानेवारी १९५०). आठव्या परिशिष्टात भाषा किती, यावर चौदापासून तीसपर्यंत आकडे आले (बावीस). एकजण वैतागून म्हणाला, ‘‘आपल्याला काय करायचंय? आपण ऑलरेडी इंडियन आहोत.’’

तेच तर. आपल्याला कुणी विचारत नाही. दहावीत इतिहासाला चिकटून आलेलं नागरिकशास्त्र आपण पेपर टाकून आलो तिथेच सोडलं.

उलट दिशेचा प्रवास

या निमित्ताने मी एक गोष्ट शोधली. एखाद्या परदेशी माणसाला भारताचं नागरिक व्हायचं असेल तर? नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्यातला एक मार्ग दीर्घ वास्तव्याचा. अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग इथे राहिलेलं असावं लागतं आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं इथे काढलेली असावी लागतात. वर्तणूक चांगली हवी. आणि आठव्या परिशिष्टातली एक तरी भाषा पुरेशी यायला हवी. कुठलीही एक. म्हणजे मराठीसुद्धा चालते! (२०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी अकराची पाच वर्षं केली. मुस्लिमांना त्यातून वगळल्यावरून देशभर आंदोलनं झाली, ती आपल्याला आठवत असतील.)

आणि हा उलट प्रवास केलेलं माणूस आमच्याच तालुक्यात होतं. गेल ऑम्व्हेट. १९४१ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला जन्म. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलीच्या विद्यापीठात पीएचडी. भारत पाटणकरांशी लग्न करून त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावला आल्या, चळवळीत राहिल्या आणि १९८३ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कासेगावातच त्यांचं निधन झालं. पुणे-बंगळुरू हायवेवरून गावी जाताना कासेगावची पाटी मी शेकडो वेळा बघितली असेल. तिथे अमेरिकेतून येऊन इथली झालेली एक बाई राहायची, हे मला मावशीच्या अमेरिकन परीक्षेमुळे कळलं.

उरलेले ९४

मुलाखत जुलैत झाली. मावशीने पहिल्या सहाही प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली आणि अधिकाऱ्याने वही मिटली. ती खूश व्हायच्या ऐवजी हिरमुसलीच. ‘‘अगं, मी शंभर पाठ केले होते. उरलेले ९४ कोण विचारणार?’’

ऑगस्टमध्ये शपथविधी. दारात ग्रीन कार्ड परत द्यायचं, मग हॉलमध्ये बसायचं. शेजारी कुणी डॉमिनिकन, कुणी इजिप्शियन, कुणी फिलिपिनो. शपथेत आधीच्या देशाची निष्ठा पूर्णपणे सोडत असल्याचं म्हणावं लागतं. मावशीने त्या वाक्याला काय केलं माहितीये? ‘‘ओठ हलवले. आवाज आला नाही. मग पुढचं मोठ्यांदा म्हटलं.’’

तरी एक खरं आहे. अमेरिका तिचा भारतीय पासपोर्ट काढून घेत नाही. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडेच नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं, असं आपला कायदा सांगतो. मग पासपोर्ट जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं. तो रद्दचा शिक्का मारून परत येतो. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेले आकडे सांगतात की २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. बातमी म्हणून हे आकडे मी क्लासमध्ये वाचले होते. ‘देश सोडून पळणारे’ अशी चर्चाही केली होती. आता त्यातल्या प्रत्येकामागे मला शिक्क्यांवरून भरलेला एकेक तक्ता दिसतो.

पासपोर्ट गेल्यावर ओसीआय कार्ड. ते असलं की भारतात कितीही वेळा यावं, कितीही दिवस राहावं. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. आजीची काळजी वेगळीच होती. ‘‘शेताचं काय?’’ शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ती परदेशात राहणाऱ्या भारतीयांनाही घेता येत नव्हतीच. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. आजीचा जीव भांड्यात पडला.

दुसरं मत

४ नोव्हेंबरला न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक झाली. मावशीने मत दिलं. आयुष्यातलं दुसरं. पहिलं १९९९ मध्ये, गावच्या मराठी शाळेत, लोकसभा आणि विधानसभेचं एकत्र. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला नाव नोंदवलं असेल आणि मतदानाच्या दिवशी गावी हजर असेल तर मत देता येतं, हे तिला परवा मी सांगितलं. ‘‘आधी माहीत असतं तर...’’ म्हणाली आणि थांबली. मग एकदम विचारलं, ‘‘तू कुणाला दिलंस गं गेल्या वेळी?’’

मी कुणालाच दिलं नव्हतं. २०२४ च्या विधानसभेला सबमिशन होतं. खरं सांगायचं तर सबमिशन हा बहाणा, कारण माझं यादीत नावच नव्हतं. अठरा पूर्ण होऊन चार वर्षं झाली. फॉर्म नंबर सहा भरायला पंधरा मिनिटं लागतात. मावशीने जे सोडायला आठ महिने घासाघीस केली, ते माझ्याकडे जन्मापासून पडून होतं आणि मी ते कधी उघडूनही बघितलं नव्हतं.

भरला. गेल्या आठवड्यात, हॉस्टेलच्या बेडवर बसून. आज २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन, म्हणून सांगते असं नाही. लाज वाटली म्हणून भरला.

मावशी फेब्रुवारीत येतेय. ओसीआय कार्ड आलं, तिकीट झालं. रविवारी कॉलवर आजी एवढ्या सगळ्याचा अर्थ समजावून घेत होती. शपथ, शिक्का, निळा पासपोर्ट.

‘‘म्हंजी आता तू हितली न्हाईस व्हय गं?’’

पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

‘‘कागदावर नाही, आई.’’

‘‘कागदाचं ऱ्हाऊ दे. किती दिवस ऱ्हाणार हाईस ते सांग.’’

‘‘तू म्हणशील तितके.’’

आजीने मोबाईल माझ्या हातात दिला आणि वॉकर धरून माळ्यावरची गादी काढायला कुणाला सांगावं, ते बघायला बाहेर गेली.