दगडखाण, इमारत आणि पूर्वमंजुरी

उत्तरेस मसुरीची डोंगररांग, दक्षिणेस शिवालिकच्या टेकड्या, पूर्वेस गंगा आणि पश्चिमेस यमुना यांच्या दरम्यान डेहराडूनचे खोरे पसरलेले आहे. मसुरीच्या डोंगरांत उत्तम प्रतीची चुनखडी विपुल आहे. पोलादाच्या भट्टीपासून साखर कारखान्यापर्यंत अनेक उद्योगांना ती लागते. तथापि हा खडक म्हणजे केवळ कारखान्याचा कच्चा माल नव्हे. त्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून पावसाचे पाणी खोलवर झिरपते, तेथे साठून राहते आणि पाऊस सरल्यानंतरही झऱ्यांच्या रूपाने डोंगरउतारावर प्रकट होते. असा खडक सुरुंगाने फोडून नेला म्हणजे डोंगराची उंची तर कमी होतेच, शिवाय गावांची पाण्याची कोठीही रिकामी होते. उतारावर लोटलेली माती आणि दगडांचे तुकडे पावसाबरोबर ओढ्यांत उतरतात, पात्रे उथळ होतात आणि पुराचे पाणी शेतात शिरते.

1983 साली डेहराडूनमधील ‘रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेन्ट केंद्र’ या संस्थेने या खाणींविषयी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. कोणत्या खाणी चालू ठेवाव्यात आणि कोणत्या बंद कराव्यात हे ठरविण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. समितीने खाणींची अ, ब आणि क अशी प्रतवारी केली. ‘क’ वर्गातील खाणी कायमच्या बंद कराव्यात असा आदेश न्यायालयाने 12 मार्च 1985 रोजी दिला. 1988 मधील अंतिम निर्णयानंतर खोऱ्यात मोजक्याच खाणी, त्याही भाडेपट्ट्याची मुदत संपेपर्यंत, चालू राहिल्या. ज्या मजुरांचा रोजगार बुडणार होता त्यांना वनीकरणाच्या आणि मृद्संधारणाच्या कामांत शक्यतो प्राधान्याने सामावून घ्यावे, असेही न्यायालयाने सांगितले होते. निर्णयातील हा भाग फारसा आठवला जात नाही, हे खेदाने नमूद करावयास हवे.

या प्रकरणाचे दोन विशेष पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की समितीने एकेक खाण सुटी न पाहता संपूर्ण खोरे नजरेसमोर ठेवले होते. दुसरा असा, की हा सारा विचार डोंगर फोडून झाल्यानंतर झाला. यांपैकी दुसरी उणीव दूर करण्याचा प्रयत्न पुढील कायद्यांनी केला. पहिला गुण मात्र त्यांना पुरतेपणी राखता आला नाही.

1986 साली पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. त्याच्या आधारे केंद्र सरकारने 27 जानेवारी 1994 रोजी अधिसूचना काढून ठरावीक प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी सक्तीची केली. मोठ्या इमारतींचा त्यात समावेश होण्यास 2004 साल उजाडले. आज चालू असलेली पद्धती 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने घालून दिली असून तिच्यात तेव्हापासून वारंवार फेरबदल झाले आहेत. या पद्धतीचा कणा म्हणजे ‘पूर्व’ हा शब्द होय. जमिनीत कुदळ मारण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि ती मागताना काय बिघडेल व त्यावर उपाय काय, हे सांगावे, अशी अपेक्षा तिच्यात आहे.

अर्जाचा प्रवास साधारणतः असा होतो. अत्यंत मोठे प्रकल्प केंद्रीय मंत्रालयाकडे जातात. बहुतेक दगडखाणी आणि इमारती राज्याच्या त्रिसदस्य प्राधिकरणाकडे येतात, आणि त्यास सल्ला देण्यासाठी तज्ज्ञांची एक समिती असते. कोणत्या बाबींचा अभ्यास करावयाचा हे प्रथम ठरते, मग पर्यावरणीय आघाताचा अहवाल तयार होतो, जनसुनावणी होते आणि समिती शिफारस करते. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे शुल्क अर्जदारच देतो. अहवालाचे निष्कर्ष वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. शिफारशीनंतर प्राधिकरणाने 45 दिवसांत निर्णय कळवावयाचा असतो. तो न कळविल्यास समितीची शिफारस हाच निर्णय मानून अर्जदाराला पुढे जाता येते.

जनसुनावणी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली भरते. तिची सूचना 30 दिवस आधी द्यावी लागते आणि तिला गणसंख्येचे बंधन नाही. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीशेजारी सुरुंग उडणार, त्याला अधिकाऱ्यासमोर उभे राहून आपले म्हणणे नोंदविण्याची हीच एक हक्काची जागा होय. परंतु ती सर्वांच्या वाट्याला येत नाही. निव्वळ इमारतींच्या प्रकल्पांना अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे, आणि ‘ब-2’ या वर्गात गणलेल्या लहान खाणींनाही ती नाही. म्हणजे प्रकल्प कोणत्या रकान्यात बसतो यावरच शेजाऱ्याला बोलता येईल की नाही हे ठरते. रकाना ठरविण्याचे साधन आहे क्षेत्रफळ, आणि म्हणूनच बहुतेक वाद क्षेत्रफळाच्या रेषेपाशी येऊन थांबतात.

खाणींच्या बाबतीत ही रेषा बराच काळ 5 हेक्टरची होती. त्याहून लहान खाणपट्ट्याला मंजुरीची गरज नव्हती. बांधकामाचा दगड, खडी, मुरूम, वाळू ही ‘गौण’ खनिजे होत. हे विशेषण कायद्यातील वर्गवारीचे आहे, त्यांच्या परिणामांचे नव्हे. 2011 साली हरियाणा सरकारने काही जिल्ह्यांतील वाळू, गोटे आणि दगड यांच्या लिलावाच्या जाहिराती दिल्या, त्यात पट्टे 5 हेक्टरांच्या आतील होते. मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून मंजुरी चुकविली जात असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात 27 फेब्रुवारी 2012 रोजी न्यायालयाने आदेश दिला, की 5 हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही, नूतनीकरण असले तरी, पर्यावरण मंजुरी घेतल्याशिवाय भाडेपट्टा देऊ नये.

रेषा पुसली गेली, परंतु त्यामुळे लहान खाणींचे असंख्य अर्ज एकदम पुढे आले. 15 जानेवारी 2016 रोजी केंद्राने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे स्थापन केली आणि लहान पट्ट्यांचे अर्ज त्यांच्याकडे सोपविले. खाणपट्टा आणि त्याची पर्यावरण मंजुरी हे दोन्ही निर्णय एकाच कचेरीच्या छायेत गेले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2018 साली या व्यवस्थेतील शिथिलतेवर बोट ठेवले, आणि त्यानंतर हे अर्ज पुन्हा राज्य प्राधिकरणाकडे आले.

त्याच 2016 च्या अधिसूचनेत एक चांगली कल्पनाही होती. एका खाणपट्ट्याच्या हद्दीपासून दुसऱ्याची हद्द 500 मीटरांच्या आत असेल तर त्यांचा ‘समूह’ मानावा आणि समूहाच्या एकूण क्षेत्रावरून अभ्यासाची खोली ठरवावी, असे तिने सांगितले. पाच-पाच हेक्टरांच्या दहा खाणी एका डोंगराला वेढून बसल्या तर डोंगराच्या लेखी ती 50 हेक्टरांचीच खाण असते, ही साधी गोष्ट येथे मान्य झाली. परंतु 1 जुलै 2016 च्या दुरुस्तीने, ज्यांना 15 जानेवारी 2016 पर्यंत मंजुरी मिळालेली आहे अशा पट्ट्यांचे क्षेत्र समूहाच्या बेरजेतून वगळले. व्यवस्थापन आराखड्यात त्यांचा उल्लेख व्हावयाचा, बेरजेत मात्र नाही. जुन्या खाणीचा सुरुंग नव्या खाणीच्या सुरुंगाइतकाच जमीन हादरवतो आणि तिची धूळ त्याच पिकावर बसते. कागदावर मात्र ती अभ्यासाचे वजन वाढवीत नाही.

इमारतींसाठी रेषा 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्राची आहे. येथे प्रश्न निराळा उद्भवला. बांधीव क्षेत्र म्हणजे नेमके काय? नगररचनेच्या नियमांत चटई क्षेत्राचा निर्देशांक काढताना वाहनतळ, जिने, तळघर यांसारखे काही भाग वगळले जातात. मंजुरीसाठीही तेच गणित चालते, असे अनेक विकासक मानीत. 4 एप्रिल 2011 च्या दुरुस्तीने तळघरांसह सर्व आच्छादित क्षेत्र धरावे असे स्पष्ट केले. पुण्यातील सिंहगड रस्त्यानजीकच्या एका गृहप्रकल्पाचे प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. त्यास 2008 साली 12 इमारतींच्या सुमारे 57,658 चौरस मीटर क्षेत्रासाठी मंजुरी मिळाली होती. प्रत्यक्षात बांधकाम त्यापुढे गेले. मंजुरीतील आकडा केवळ चटई क्षेत्राचा होता, हा विकासकाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2018 रोजी फेटाळला आणि 100 कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या 10 टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती भरण्यास सांगितले. लोक राहावयास आलेल्या सदनिका पाडण्याचा आदेश मात्र दिला नाही. न्यायाधिकरणाच्या पीठापुढील वाद कितीही जिने-तळघरांचा असला, तरी तळघरासाठी उपसलेले भूजल, वाढलेले सांडपाणी आणि रस्त्यावरील वाहने चटई क्षेत्राचा निर्देशांक पाहून कमी-अधिक होत नसतात.

या इमारतींना लागणारी खडी दगडखाणींतूनच येते. एकाच शहराची वाढ एका प्राधिकरणासमोर दोन स्वतंत्र अर्जांच्या रूपाने येते, आणि दोन्ही अर्ज एकमेकांची ओळख न देता निकालात निघतात.

मंजुरी न घेताच काम उरकणाऱ्यांचे काय करावे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. 14 मार्च 2017 रोजी केंद्राने अशा प्रकल्पांना सहा महिन्यांची खिडकी उघडून दिली. 2021 मध्ये त्यांच्यासाठी कार्यपद्धतीही ठरविली. 16 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने, पश्चात मंजुरी ही कल्पनाच पर्यावरण कायद्याच्या विरुद्ध आहे असे सांगून ही दोन्ही रद्द केली. परंतु 18 नोव्हेंबर 2025 रोजी त्रिसदस्य पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय मागे घेतला. उभे राहिलेले सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, ही बहुमताची चिंता होती.

रीतसर मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाविरुद्ध दाद मागावयाची तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण दाखविल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. मंजुरीची वार्ता स्थानिक वृत्तपत्रांत छापणे आणि तिची प्रत ग्रामपंचायतीस देणे बंधनकारक आहे. गावात वृत्तपत्र येत नसेल आणि प्रत पंचायतीच्या कपाटात पडून असेल, तर शेजारच्या शेतकऱ्याला खाणीची बातमी बहुधा पहिल्या सुरुंगाच्या आवाजानेच कळते, आणि तेव्हा दिवस मोजावयास बसले तर 90 केव्हाच उलटून गेलेले असतात.